सुरेखाचा जबडा

"कॅन्सर नाही" एवढं मी म्हटलं की समोरची माणसं पुढचं काही ऐकतच नाहीत. कोल्हापुरात जबड्याच्या शस्त्रक्रिया करण्यात माझं सगळं आयुष्य गेलं, पण या गोष्टीचा धक्का निवृत्त होईपर्यंत बसतच राहिला. मी घसा कोरडा करून सांगतेय की बाबांनो, गाठ साधी असली तरी काढावी लागेल, आणि यांच्यातला एक जण गावाकडं फोन लावतोय, दुसरा पेढे आणायला जिना उतरलासुद्धा. पेढे वाटून मंडळी जातात ती जातातच. चार-पाच वर्षांनी एक दिवस परत दारात उभी. तोवर गाल नारळाएवढा झालेला असतो. "मॅडम, तुमीच म्हनलासा की, कॅन्सर न्हाय!" अहो, म्हणाले होते. घरी जाऊन झोपा, असं कधी म्हणाले होते?

वाचकांना या धंद्याची फारशी माहिती असायचं कारण नाही, म्हणून थोडं सांगते. शरीरात हाडं भरपूर आहेत, पण दात उगवतात ते फक्त जबड्यात. दात घडवणाऱ्या पेशी काम संपल्यावर सगळ्याच निघून जात नाहीत. काही तिथंच रेंगाळतात, आणि पुढं कधीतरी त्यांना हुक्की येते. मग गाठ होते. कुठल्या गाठीत नुसतं पाणी असतं. कुठल्या गाठीत चक्क मूठभर बारके बारके दात निघतात. पेठ वडगावच्या एका शिक्षिकेच्या हिरडीतून काढलेले असले दात मी वाटीत घालून तिच्यापुढं धरले, तर "अगं बाई, हे माझेच?" म्हणून ती खुर्चीतून उठूनच उभी राहिली. या गाठी आंब्यातून कोय सुटावी तशा सुटून येतात आणि परत होत नाहीत. पण याच भावकीतली एक जात महाबिलंदर. कॅन्सर नाही, तरी हाड पोखरत जाते, आणि वरवर खरवडली तर हटकून परत येते. तिच्यासाठी आजूबाजूच्या चांगल्या हाडासकट जबड्याचा तुकडा कापून काढावा लागतो आणि तिथं पायाचं हाड आणून बसवावं लागतं. काही गाठी दाताच्या नसतातच, हाडाच्या असतात. काहींच्या आत नुसतं रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, आणि तिथं न बघता दात उपटला तर रक्त थांबत नाही, माणूस हातचा जातो. म्हणून आमच्याकडं क्रम ठरलेला. आधी गाठीत सुई घालून बघायचं, मग छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा, गाठीचं नाव कळलं की मगच मोठी सुरी हातात घ्यायची. नाव चुकलं की सगळंच चुकलं.

तानाजी त्याच्या बहिणीला घेऊन आला तेव्हा तो या क्रमाच्या शेवटच्या पायरीवरच उभा होता.

"मॅडम, अर्धा जबडा काढायचा हाय," तो म्हणाला. म्हणाला कसला, पुकारलाच. गुळाच्या सौद्यात बोली पुकारायचं त्याचं काम, आणि साधं बोलायचं तो विसरूनच गेलेला. बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांनी दारातून आत बघितलं. दुसरीकडं कुणीतरी एक्स-रे बघून अर्धा जबडा काढायला सांगितलं होतं आणि हे लोक, बरं, म्हणून माझ्याकडं आले होते. भिंत पाडायची आहे, गवंडी कधी पाठवता, अशा थाटात.

बहीण सुरेखा, पस्तिशीच्या आसपासची. त्यांची आई हौसाबाई आणि तानाजी यांच्या मधे ती खाली मान घालून बसली होती. खालच्या जबड्याला उजवीकडं अंड्याएवढी सूज. एक्स-रे पाहिला तर त्या बाजूचं हाड गुऱ्हाळाच्या काहिलीत रस उकळताना फेस यावा तसं दिसत होतं, बुडबुड्याला बुडबुडा लागलेला. असा फेस चार-पाच निरनिराळ्या गाठींत दिसतो. म्हणजे नुसता एक्स-रे बघून जबडा काढा म्हणायला काही आधारच नव्हता.

"सुरेखा, किती दिवस झाले सूज येऊन?" मी विचारलं.

"तिला नका विचारू," तानाजी म्हणाला. "ती बोलत न्हाय. डोस्क्यानं जरा..." आणि त्यानं कानाजवळ बोट फिरवलं. तिच्यासमोर, तिला दिसेल असं.

हौसाबाई आजऱ्याकडच्या. त्यांनी मग सगळं सांगितलं. पोरगी चांगली होती, हसतीखेळती होती, लग्न करून दिलं. दोन-तीन वर्षं नांदली आणि मग काहीतरी बिनसलं. चुलीवर भाजी ठेवायची आणि विसरायची. दिवसभर पडून राहायची. अंग दुखतं म्हणायची, सारखं पाणी प्यायची. बोलणं कमी कमी होत गेलं आणि शेवटी बंदच झालं. सासरच्यांनी काय काय उतरवून टाकलं, अमावास्येला कुठं कुठं नेलं, आणि एक दिवस आणून माहेरी सोडलं. नवऱ्यानं दुसरी आणली. मधे मुतखडा होऊन गेला. गेल्या वर्षी नुसतं उंबऱ्यात बसताना हात मोडला.

"हाडं कच्ची हाईत वो तिची," हौसाबाई म्हणाल्या. "घरात तीन म्हशी हाईत, दुधाला काय तोटा? सकाळी धारंचं तांब्याभर, राती तांब्याभर. वर त्या कॅल्शमच्या गोळ्या. तान्या डबं आनतोय. तरी हाडं भरंनात म्हंजे काय म्हनायचं?"

आमच्या कोल्हापूरकरांना दुधावाचून दुसरं औषध माहीत नाही. पोर रोड झालं, दूध. पैलवान हरला, दूध. बाळंतीण झाली, म्हातारा पडला, परीक्षेत नापास झाला, दूध. मी हसले होते त्या वेळी, हे मला आठवतं.

पण पुढच्या वाक्यानं माझं हसू गेलं. मी म्हटलं, आधी तुकडा तपासू, कदाचित जबडा काढावा लागणार नाही. तर हौसाबाई अगदी समजुतीनं म्हणाल्या, "काडून टाका की वो बाई. परत परत खेपा नगं. तिला आता कुठं पावण्यांफुडं बसायचंय?"

मी थक्क झाले. या बाई वाईट नव्हत्या. पोरीचे केस स्वच्छ विंचरलेले होते, नखं कापलेली होती, पातळ इस्त्रीचं होतं. पण पोरीचं तोंड हे पोरीच्या काही कामाचं राहिलेलं नाही, असं आईनं मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि मला राग आवरत नाही, हे कोल्हापुरात कुणालाही विचारा.

"जबडा म्हणजे काय म्हशीचं वाढलेलं शिंग आहे?" मी ओरडले. "अर्धा जबडा काढल्यावर काय होतं माहीत आहे? गाल आत जातो. ओठ लोंबतो. भाकरी चावता येत नाही, लाळ गळत राहते. पायाचं हाड बसवलं तरी वर्षभर दवाखाने. काढायचा तर काढू, पण आधी गाठीचं नाव कळू दे. नाव कळल्याशिवाय मी हात लावणार नाही."

तानाजी पहिल्यांदाच हळू बोलला. "गळती व्हय लाळ?" आणि बहिणीकडं बघत बसला.

सुई घातली, थोडं काळपट रक्त आलं, धार लागली नाही. म्हणजे रक्तवाहिन्यांचं जाळं नव्हतं. मग तुकडा काढला आणि नेहमीप्रमाणं रक्तही तपासायला दिलं. जबड्यात असला फेस दिसला की रक्तातलं कॅल्शियम बघायचंच, ही माझी जुनी सवय. शंभरात एखाद्यालाही काही निघत नाही, आणि लॅबवाले मनातल्या मनात मला हसतात.

या खेपेला लॅबवाल्याचा फोन आला. "मॅडम, मशीन गंडलंय बहुतेक. परत नमुना पाठवताय का?"

पाठवला. दुसऱ्यांदाही तोच आकडा. मशीन ठणठणीत होतं.

तेवढ्यात तुकडे तपासणाऱ्या माझ्या मित्राचा फोन. कॉलेजपासूनचा दोस्त, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून गाठींना नावं देणं हाच त्याचा उद्योग. "अगं, मोठमोठ्या पेशी आहेत, एकेकीत पंधरा-वीस केंद्रकं. पण मी नाव देणार नाही. या पेशी दोन वेगळ्या आजारांत येतात आणि माझ्या काचेवर दोन्हींत काडीचा फरक दिसत नाही. एकात दुखणं खरोखर जबड्याचं असतं. दुसऱ्यात ते गळ्यात असतं आणि जबडा बिचारा नुसता सोसत असतो. कॅल्शियम केवढं आलं?"

मी आकडा सांगितला. त्यानं आकडा परत एकदा वदवून घेतला. मग म्हणाला, "बाप रे! चालतीबोलती कशी आहे ती?"

"चालते," मी म्हटलं. "बोलत नाही."

आणि ते बोलता बोलताच मला सगळं उलगडलं. गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. त्यातली एखादी वाढली, तीही साधी गाठच, कॅन्सर नव्हे, की ती हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात ओतायला लागते. हाडं पोकळ होतात, जबड्यात असा फेस धरतो, बसल्या बसल्या हात मोडतो. मूत्रपिंडात खडे होतात. तहान भागत नाही. आणि रक्तात एवढं कॅल्शियम फिरायला लागलं की मेंदू मंदावतो. माणूस सुस्त होतो, विसरतो, कुढतो, गप्प होतो. हौसाबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलेलं सगळंच्या सगळं या एका आजाराचं वर्णन होतं. करणी नाही, बाधा नाही, वेड नाही. काजूएवढी एक गाठ. आणि वर आम्ही सगळे मिळून तिला कॅल्शियमच्या गोळ्या चारत होतो. मी खुर्चीत बसले ती बराच वेळ उठले नाही. बाहेर पेशंट कुरकुरत होते, कुरकुरू दिले. अशा किती जणी कुठल्या कुठल्या घराच्या सोप्यात कोपरा धरून बसल्या असतील, या विचारानं मला आजही कसंतरी होतं.

पुढच्या तपासण्यांत गळ्यातली गाठ दिसली आणि मी तिघांना बोलावलं. तानाजीचा आवाज परत आला होता. "दुखतंय कुटं आनि कापतायसा कुटं! जबड्याला आलो आनि गळा कापायचा? ह्ये काय चाललंय काय मॅडम?"

मी कागदावर चित्र काढून दाखवलं. जबड्याला हातच लावायचा नाही, गळ्यातली गाठ काढली की जबड्याचं हाड आपोआप भरत येईल. आणि गोळ्या आजपासून बंद, दूध तूर्त कपभर. मनात होतं ते सगळं सांगितलं नाही, फक्त म्हटलं, "डोक्यातही फरक पडेल कदाचित. खात्री देत नाही."

हौसाबाईंनी फक्त दुधाचं ऐकलं होतं. "म्हंजे मीच आजारी पाडलं व्हय तिला? दूध पाजून पाजून?"

"नाही हो, दुधानं गाठ होत नाही," मी म्हटलं. पण त्यांनी तोंडात पदराचा बोळा घातला आणि गदागदा हलायला लागल्या. मी सुरेखाच्या समोर खुर्ची ओढली. जबडा तिचा, गळा तिचा, तिला विचारायलाच पाहिजे होतं.

"सुरेखा, गळ्याची छोटी शस्त्रक्रिया करूया? तोंड आहे तसं राहील तुझं."

तिनं मान वर केली. माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "पानी." टेबलावरची बाटली दिली ती तिनं एका दमात संपवली, आणि मान डोलावली. ते माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं असं मी धरून चालले.

गळ्याची शस्त्रक्रिया माझ्या ओळखीच्या सर्जननी केली, मी बाजूला उभी होते. निघालेली गाठ बाहेर नेऊन दाखवली तेव्हा हौसाबाई डबीत वाकून बघत म्हणाल्या, "ह्ये? काजूच्या बीएवढं? ह्यानं माझ्या पोरीचा संसार खाल्ला?" त्यांच्या घरामागच्या परड्यात काजूची झाडं आहेत.

दुसऱ्या दिवशी सुरेखाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. हेही ठरलेलंच. उपसा थांबला की वर्षानुवर्षं उपाशी राहिलेली हाडं रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखी ओढून घेतात. शिरेतून कॅल्शियम चालू केलं आणि मी हौसाबाईंना म्हटलं, आता गोळ्याही द्या, दूधही द्या, हवं तेवढं. बाई जाम भडकल्या. "परवा बंद म्हनलासा, आज पाज म्हनताय! एकदा काय त्ये ठरवा की! म्हशीला काय सांगू मी?" सगळा वॉर्ड हसला. मी समजावत बसले नाही. किटलीभर दूध आलं आणि नर्सपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांना मिळालं.

टाके बघायला ती आली त्या दिवसाचं सांगते. तानाजी दारातूनच पुकारत आला, "मॅडम, मुंग्या ग्येल्या बगा!" आणि त्याच्यामागून एक बारीक, गंजलेला आवाज आला.

"तान्या, हळू बोल की. दवाखाना हाय ह्यो."

तानाजीनं वळून बघितलं. भरल्या बाजारात ढेपांची बोली पुकारणारा हा माणूस भिंतीला तोंड लावून लहान पोरासारखा रडायला लागला, आणि सुरेखा माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्याला काय झालं?" मला हसावं का रडावं कळेना. दोन्ही झालं.

त्यानंतर ती दर भेटीला थोडी थोडी परत येत होती. आधी शब्द आले, मग वाक्यं, मग भांडण. हौसाबाईंनी दूध पुढं केलं की ती म्हणायची, "नगं मला, तूच पी." एक्स-रेत फेसाच्या जागी पांढरं हाड भरत होतं. मी जबड्याची डॉक्टर, मी एक जबडा वाचवायला निघाले होते, आणि त्या जबड्यामागं एक अख्खी बाई निघाली. अभिमान वाटला, का खोटं बोलू. सगळं छान चाललं होतं.

असंच एकदा मी एक्स-रे प्रकाशात धरून तिघांना हाड दाखवत होते. सुरेखाचं लक्ष नव्हतं. ती एकदम म्हणाली, "तान्या, माझं पोरगं कवढं झालं असंल रं?"

मी एक्स-रे खाली ठेवला.

पोरगं? मला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलंबाळं विचारली होती तेव्हा हौसाबाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली होती.

"आई, कवढा झाला? साळंला जातो?"

हौसाबाईंनी तानाजीकडं बघितलं. शेवटी तानाजी बोलला, आणि इतकं हळू की मला कान द्यावा लागला. पोरगा मलकापूरला, त्याच्या बापाकडं. मोठा झाला आहे, शाळेत जातो. शाळेतली पोरं 'तुझी आई येडी' म्हणून चिडवायची, म्हणून त्या लोकांनी त्याला सांगितलं की आई वारली. मग इकडं निरोप धाडला की तुमीबी तसंच सांगा, पोराला परत परत तरास नगं.

"आनि तुमी?" सुरेखा म्हणाली.

"आमी व्हय म्हनलं, ताई. तू बरी व्हशील असं कुनाला वाटलंवतं?"

या टेबलाशी बसून मी लोकांना नको नको ते सांगितलं आहे आणि नको नको ते ऐकलं आहे. पण असलं काही कधी ऐकलं नव्हतं. ही बाई जिवंत होती, दोन वेळ जेवत होती, तिचे केस विंचरले जात होते, आणि जिल्ह्यातल्याच दुसऱ्या तालुक्यात ती मेलेली होती. सख्ख्या आईच्या आणि भावाच्या संमतीनं. मला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि त्यांचे चेहरे बघून तेही करवेना.

सुरेखा रडली नाही. ओरडलीही नाही. तिनं हात वर केला आणि उजव्या गालावरून फिरवला. सूज पुष्कळ उतरली होती, पण सुपारीएवढा उंचवटा अजून बाकी होता.

"बाई, ह्ये कवा जाईल?"

"हळूहळू सपाट होत जाईल," मी म्हटलं. "अजून काही महिने. राहिलाच तर मी तासून देईन, छोटं काम आहे."

"तवर न्हाय थांबत मी." ती उठली. "आत्ता गाडी असंल न्हवं मलकापूरची?"

हौसाबाई धडपडत उठल्या. तिच्या डोक्यावरचा पदर ओढून गालावर घ्यायला लागल्या. "अगं असं कसं जाशील? ह्ये झाकून तरी घे. पोरगं भिईल."

सुरेखानं आईचा हात बाजूला केला. "मेल्याली म्हनून सांगितलंया त्याला. आनि तोंड झाकून गेलो तर मग भिईलच की त्यो." आमच्याकडं बायका स्वतःला येतो-जातोच म्हणतात. "हाय तसाच जातो मी." दारापर्यंत गेली आणि वळली. "बाई, तुमी खरं सांगा. लई वंगाळ दिसतंय?"

मी उठले, तिची हनुवटी हातात धरली आणि डॉक्टरच्या नजरेनं नाही, बाईच्या नजरेनं तिच्याकडं पाहिलं. "नाही," मी म्हटलं. "चांगली दिसतेस." ते खरं होतं.

तिच्यामागून तानाजी गेला. हौसाबाई माझ्यासमोर बसून राहिल्या, आणि मीही पुढचा पेशंट बोलावला नाही.

संध्याकाळी तानाजीचा फोन आला. मागं एसटी स्टँडचा गलका होता, तरी तो ओरडत नव्हता.

"मॅडम, दार त्यानंच उघडलं. अंगात साळंची कापडं व्हती. आमाला बघून म्हनला, कोन पायजे?"

"मग?"

"ताई म्हनली, तूच पायजेस."